पाच लाटा हव्या होत्या, एकही आली नाही

या वेळी आलेल्या पत्रांतली तीन घेतेय. तिन्ही इथलीच, ठाण्याच्या खाडीच्या अलीकडची-पलीकडची, आणि तिघांनाही वाटतंय की सॉफ्टवेअर बिघडलंय.

प्रश्न: ताई, मी कोपरखैरण्याला राहते, इलेक्ट्रिकल सेकंड इयर. ऑक्टेव्ह या गणिताच्या सॉफ्टवेअरमध्ये घरातल्या सप्लायच्या व्होल्टेजचा ग्राफ काढायचा होता, ३२५ गुणिले साइन, ५० हर्ट्झ, वेळ ० ते ०.१ सेकंद, गॅप ०.०१. साइन वेव्ह येतच नाही, नुसत्या वाकड्यातिकड्या रेघा येतात आणि उभ्या अक्षावर ई-१३ असले आकडे. मग पॉवर काढायला व्होल्टेज आणि करंट गुणले तर नॉनकन्फॉर्मंट आर्ग्युमेंट्स म्हणून एरर, त्यात १ × ११, १ × ११ असं काहीतरी. वर्गाच्या ग्रुपवर लॅपटॉपचा फोटो काढून टाकला, चार दिवस झाले, कुणी काही बोललं नाही. सगळं काढून परत इन्स्टॉल करू का?
— एक विद्यार्थिनी

उत्तर: अगं नको, इन्स्टॉलेशन तुझं व्यवस्थित आहे. तू वाशीच्या पुलावरून खाडी बघितली असशीलच. भरती साधारण १२ तास २५ मिनिटांनी परत येते. आता समज तू बरोबर सहा तास बारा मिनिटांनीच पुलावर जाऊन पाणी बघतेस, आणि पहिल्यांदा गेलीस तेव्हा पाणी मध्यावर होतं, तर पुढच्या वेळीही मध्यावरच दिसणार, एकदा चढताना, एकदा उतरताना, आणि तू घरी येऊन सांगणार की खाडीला भरती-ओहोटी नाहीच. तुझ्या ग्राफचं तेच झालंय. ५० हर्ट्झची एक लाट ०.०२ सेकंदात संपते आणि तू दर ०.०१ सेकंदाला बघतेयस, म्हणजे बरोबर जिथे साइन शून्य असतो तिथेच प्रत्येक वेळी. ते ई-१३ म्हणजे दशांश चिन्हानंतर बारा शून्यं आणि मग कुठे आकडा. पाय हा आकडा कॉम्प्युटरला पूर्ण साठवता येत नाही, सोळाएक अंकांनंतर तो तोडावाच लागतो, त्या तुटलेल्या टोकाचा कचरा तुला दिसतोय, आणि अक्ष आपोआप त्या कचऱ्याएवढा झूम झालाय म्हणून तो एवढा मोठा वाटतोय.

गॅप ०.०००५ कर. एका लाटेत ४० बिंदू येतील, रेघ छान गोल दिसेल. नायक्विस्टचा नियम तुम्हाला पुढे सिग्नल्सच्या पेपरला येईल, की ५० हर्ट्झ पकडायचे तर सेकंदाला १०० पेक्षा जास्त वेळा बघायला लागतं, तू बरोबर १०० वर अडकली होतीस. पण तो नियम लाट ओळखण्यापुरता झाला, ग्राफ नीट दिसायला बिंदू बरेच जास्त लागतात.

दुसरी एरर. व्होल्टेज ही ११ आकड्यांची ओळ, करंटही ११ आकड्यांची ओळ, आणि गुणाकाराचं चिन्ह म्हणून नुसता तारा (*) टाकला की ऑक्टेव्ह मॅट्रिक्सचा गुणाकार करायला जातं. त्यात पहिल्याचे कॉलम आणि दुसऱ्याच्या ओळी सारख्या लागतात, त्या नाहीत म्हणून ते नाही म्हणतं. तुला जागच्या जागी गुणायचंय, पहिल्याला पहिला, दुसऱ्याला दुसरा, तर ताऱ्याच्या आधी टिंब दे. वर्ग करतानाही घाताच्या चिन्हाआधी टिंब, भागतानाही टिंब. मॅटलॅब या त्याच जातीच्या, विकतच्या सॉफ्टवेअरमध्येही हेच.

आता ग्रुपचं. कुणी बोललं नाही याचं वाईट वाटून घेऊ नकोस. फोटोतला कोड कॉपी करता येत नाही, मग मदत करायची इच्छा असलेल्यालाही तो बसून टाईप करायला लागतो आणि रात्री अकरा वाजता ते कोण करणार. कोड टेक्स्टमध्ये टाक, एरर शब्द न शब्द टाक, व्हर्जन लिही. आणि सगळ्यात आधी लिही की तुला काय अपेक्षित होतं. ०.१ सेकंदात ५ लाटा, शेंडा ३२५ वर. हे एवढं लिहिलं असतंस ना, तर कदाचित तुझं तुलाच दिसलं असतं, की ५ लाटांना ११ बिंदू कसे पुरतील. पॉवरचंही तसंच, समज २३० व्होल्टला (३२५ हा त्याचाच शेंडा) ५ अँपिअरचा हीटर आहे, तर सरासरी ११५० वॉट यायला हवेत, शेंडा २३०० वर, आणि ०.१ सेकंदात उंचवटे १०, कारण पॉवर १०० हर्ट्झने वरखाली होते. हे आकडे वहीत काढ, मग एंटर दाब.

मी नोकरीला नवीन असताना एका ट्रसचा, म्हणजे त्रिकोणांच्या सांगाड्याचा, हिशोब असाच घालवला होता. कोन ३० अंश, साइन घेतला, ०.५ यायला हवा तिथे उणे ०.९८८ आला, कारण सॉफ्टवेअर कोन अंशात नाही, रेडियन या दुसऱ्या एककात धरतं. मी तो मधला आकडा छापूनच बघितला नव्हता, दोन दिवस मॅट्रिक्स तपासत बसले आणि सिनियरना विचारायला लाजत होते. त्यांनी आल्या आल्या एवढंच विचारलं, "साइन ३० किती आला?" तेव्हापासून मी प्रत्येक मधला आकडा स्क्रीनवर काढते.

प्रश्न: मॅडम, वागळे इस्टेटला माझं छोटं वर्कशॉप आहे. मुलगा डिप्लोमाला आहे, त्याला मॅटलॅब लागतं म्हणतो. एक ओळखीचा पेनड्राइव्हवर क्रॅक देतो म्हणाला, फुकट. चालेल का?
— एक पालक

उत्तर: दादा, घेऊ नका. तो चोरीचा माल आहेच, शिवाय क्रॅकमधून व्हायरस येऊ शकतो आणि तुमच्या वर्कशॉपची बिलं जर त्याच कॉम्प्युटरवर असतील तर तीही जाऊ शकतात. आधी मुलाला कॉलेजात चौकशी करायला सांगा, बऱ्याच कॉलेजांकडे विद्यार्थ्यांसाठी लायसन्स असतं आणि मुलांना माहीतच नसतं. नसेल तर ऑक्टेव्ह फुकट आहे आणि राजरोस फुकट आहे. १९९२ मध्ये जॉन ईटन यांनी ते लिहायला घेतलं, तेही केमिकल इंजिनिअरिंगच्या विद्यार्थ्यांना रिअ‍ॅक्टरची गणितं सोडवता यावीत म्हणून, आणि नाव दिलं आपल्या सरांचं, ऑक्टेव्ह लेव्हनस्पील. संगीताशी संबंध नाही. डिप्लोमाला लागणाऱ्या बहुतेक कमांड मॅटलॅबसारख्याच चालतात. फक्त मॅटलॅबच्या सिम्युलिंकसारखे स्क्रीनवर ब्लॉक जोडायचं काम त्यात नाही, त्याला सायलॅब घ्या, तेही फुकट, त्यात एक्सकॉस नावाचा भाग आहे. आणि पवईचं आयआयटी काही लांब नाही तुम्हाला, तिथला फॉसी प्रकल्प हेच फुकट सॉफ्टवेअर कॉलेजांत पोचवायचं काम करतो, आणि तिथेच सुरू झालेल्या स्पोकन ट्युटोरियलमध्ये मराठीतून सुद्धा धडे आहेत. इंग्रजीला बिचकणाऱ्या मुलाला हे फार उपयोगी पडतं, मी स्वतः बघितलंय.

प्रश्न: रबाळे एमआयडीसीत मेंटेनन्सला आहे. ब्लोअर आणि मोटर मिळून २०० किलो, खाली चार स्प्रिंग माउंट, मिळून ८० न्यूटन प्रति मिलिमीटर. ओडीई४५ (समीकरणं सोडवणारा तयार सॉल्व्हर) ने सिम्युलेशन केलं तर मशीन दहा सेकंदांत एकदा झुलताना दिसतं. मोटर १४४० आरपीएम. कुणी म्हणतं सॉल्व्हर बदल, कुणी म्हणतं व्हर्जन. काय करू?
— एक इंजिनिअर

उत्तर: सॉल्व्हर राहू दे बाजूला. तुम्ही आकडे दिलेत म्हणून पत्र वाचतानाच सापडलं, फार बरं वाटलं. मशीन नुसतं ठेवल्यावर स्प्रिंग किती दबेल ते काढा: वजन १९६२ न्यूटन, भागिले ८०, साडेचोवीस मिलिमीटर. ठीक आहे. पण प्रोग्रॅममध्ये बाकी सगळं किलो आणि मीटरमध्ये आहे आणि तुम्ही नुसते ८० टाकलेत, म्हणजे तुमच्या प्रोग्रॅमच्या मते स्प्रिंग साडेचोवीस मीटर दबतेय, आठ मजली बिल्डिंगएवढी. ८०,००० टाका. ८०,००० भागिले २०० म्हणजे ४००, वर्गमूळ २० रेडियन प्रति सेकंद, साधारण ३.१८ हर्ट्झ, म्हणजे एक झोका ०.३१ सेकंदाचा. हजारपटीची चूक होती, तिचं वर्गमूळ ३१.६, आणि तेवढाच फरक दहा सेकंद आणि ०.३१ मध्ये आहे, बघा भागून.

१४४० आरपीएम म्हणजे २४ हर्ट्झ, ३.१८ च्या साडेसातपट, त्यामुळे चालू असताना जमिनीला हादरे कमी जातील. पण सुरू होताना आणि बंद होताना मोटर १९० आरपीएमच्या (३.१८ गुणिले ६०) आसपासून जाणार, तिथे मशीन जोरात हलेल, आणि किती हलेल ते डॅम्पिंगवर, म्हणजे माउंट हलणं किती शोषून घेतो त्यावर. डॅम्पिंगचा आकडा तुमच्या पत्रात नाहीये. माउंटच्या डेटाशीटवर असेल तर कळवा, युनिटसकट.