सिन्नर, ओझरसारख्या वाढत्या गावांत बागा आणि मैदानं सुधारायची तर सुरुवात कुठून करावी?

आधी जागा वाचवा, खेळणी नंतर. नगरपरिषदेत जाऊन विकास आराखडा बघा आणि उद्यान, क्रीडांगण म्हणून आरक्षित जागा टिपून घ्या. आराखडा लागू झाल्यापासून १० वर्षांत जागा ताब्यात आली नाही तर एमआरटीपी (महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना) कायद्याच्या कलम १२७ खाली मालक नगरपरिषदेला नोटीस देऊ शकतो. पुढच्या २४ महिन्यांत संपादनाची पावलं उचलली नाहीत तर आरक्षण रद्द होतं. अशी जागा एकदा गेली की गेलीच.

तसंच ०.४ हेक्टर किंवा मोठ्या लेआउटमध्ये (प्लॉट पाडलेल्या जमिनीत) १० टक्के मोकळी जागा सोडावी लागते. ती खरंच मोकळी आहे का, की तिथे पत्र्याची शेड उभी राहिलीय, ते स्वतः जाऊन पाहा.

नाशिकला आमच्या कॉलनीच्या बागेत लोखंडी घसरगुंडी होती. एप्रिलमध्ये दुपारी चारलाही मुलं हात लावून मागे यायची. शेजारी कडुनिंब आणि करंज लावले, सावली पडली, मग बाग भरू लागली. म्हणून पहिला खर्च झाडं, पाणी आणि दिव्यांवर करा. संध्याकाळी अंधार असेल तर बायका आणि म्हातारी माणसं फिरकत नाहीत. आणि देखभालीचे पैसे दरवर्षीच्या अंदाजपत्रकात वेगळे मागा, लेखी.