अमेरिकेत विद्यार्थ्यांचं कर्ज खरंच माफ होतं का?

तुमचे प्रश्न तीन आहेत. पुतणी अमेरिकन नागरिक. २०२१ साली वॉशिंग्टन राज्यात हायस्कूल पूर्ण करताना तिला कोविडमुळे काही क्रेडिटांची (विषय पूर्ण केल्यावर मिळणाऱ्या अभ्यासाच्या एककांची) सूट मिळाली होती, ती आता नोकरीत आड येईल का? ती सरकारी हायस्कूलमध्ये गणित शिकवते आणि डोक्यावर २७ हजार डॉलरचं कर्ज आहे, ते माफ होईल का? आणि तुमचा मुलगा पुण्याहून एमएसला निघालाय, त्यालाही माफी मिळेल का?

मी याच राज्यात हायस्कूलमध्ये समुपदेशक आहे, त्यामुळे पहिल्या प्रश्नाची काळजी सोडा असं ठामपणे सांगते. इथे डिप्लोमासाठी, म्हणजे हायस्कूल पूर्ण केल्याच्या प्रमाणपत्रासाठी, २४ क्रेडिटं लागतात. २०२० साली शाळा बंद पडल्या तेव्हा राज्याच्या विधिमंडळाने कायदा करून राज्य शिक्षण मंडळाला सूट देण्याचा अधिकार दिला. पण ती सरसकट वाटली नाही. विद्यार्थ्याला ते क्रेडिट पुरं करायची संधी आधी मनापासून दिली होती, हे शाळेला दाखवावं लागायचं. माझ्याकडची एक मुलगी दिवसभर किराणा दुकानात काम करायची, कारण घरात तेवढीच कमाई उरली होती. रसायनशास्त्राचा तास ती रात्री रेकॉर्डिंगवर बघायची. तिच्या फायलीत शिक्षकांचे ईमेल होते, उन्हाळी वर्गाचं पत्र होतं, आईशी झालेल्या फोनची नोंद होती. एवढं सगळं बघून मिळालेली सूट ही मेहेरबानी नव्हे. डिप्लोमा पूर्ण आहे, आणि त्यावर तुमच्या पुतणीने पदवीही घेतली आहे.

कर्जाचं मात्र नीट समजून घ्या. ‘अमेरिकेत सगळ्यांचं कर्ज माफ झालं’ ही बातमी २०२२ च्या ऑगस्टमधली. बायडेन सरकारने १० हजार डॉलरपर्यंत, आणि पेल ग्रँट (कमी उत्पन्नाच्या विद्यार्थ्यांना मिळणारी सरकारी मदत) घेतलेल्यांना २० हजारांपर्यंत माफी जाहीर केली होती. ३० जून २०२३ ला सर्वोच्च न्यायालयाने ती रद्द केली. त्यातून कोणालाही एक डॉलर मिळाला नाही.

सध्या चालू असलेली मोठी योजना म्हणजे सार्वजनिक सेवेची माफी, २००७ च्या कायद्यातली. सरकारी किंवा ना-नफा संस्थेत पूर्णवेळ नोकरी करत दरमहा एक असे १२० हप्ते भरले की उरलेलं फेडरल, म्हणजे केंद्र सरकारचं, कर्ज माफ. नेमकं ‘उरलेलं’ इथेच लोक फसतात. नेहमीचा दहा वर्षांचा हप्ता लावला तर १२० हप्त्यांनंतर माफ करायला काही उरतच नाही! उत्पन्नावर ठरणारा हप्ता घ्यावा लागतो. पण २७ हजारांचं कर्ज आणि इथला शिक्षकाचा पगार बघता तोही हप्ता बहुधा दहा वर्षांच्या हप्त्याच्या जवळपासच येईल. म्हणून या योजनेवर तिने फार भिस्त ठेवू नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

तिच्यासाठी दुसरी वाट जास्त कामाची आहे: शिक्षकांची कर्जमाफी. कमी उत्पन्नाच्या वस्तीतल्या, सरकारी यादीत असलेल्या शाळेत सलग पाच पूर्ण शैक्षणिक वर्षं शिकवलं तर पात्र हायस्कूल गणित शिक्षकाला १७,५०० डॉलरपर्यंत माफी मिळते. भाषा किंवा इतिहास शिकवत असती तर हीच रक्कम ५ हजारांवर आली असती. तिची शाळा त्या यादीत आहे का, हे तिने आजच बघावं. आणि ‘कर्ज लवकर फेडून मोकळी हो’ असा आग्रह घरच्यांनी या पाच वर्षांत तिच्याकडे धरू नये. जास्तीचा भरलेला पैसा म्हणजे हातची माफी कमी करणं. पैसे घेऊन ‘माफी मिळवून देतो’ म्हणणाऱ्या एजंटांचे फोन येतील. अर्ज फुकट असतो, मुख्याध्यापकांची सही लागते, तो तिने स्वतः भरावा.

मुलाचं उत्तर ‘नाही’ असंच आहे. विद्यार्थी व्हिसावर जाणाऱ्याला अमेरिकेचं फेडरल कर्जच मिळत नाही, मग माफी कुठून? त्याचं कर्ज भारतातल्या बँकेचं किंवा खासगी कंपनीचं असेल आणि ते पूर्ण फेडावंच लागेल. कुठल्या कन्सल्टंटने वेगळं सांगितलं असेल तर त्याच्याकडून लेखी मागा. तुमच्या हातात एवढंच आहे की भारतात आयकराच्या जुन्या करप्रणालीत राहिलात तर शैक्षणिक कर्जाच्या व्याजाची वजावट आठ वर्षांपर्यंत घेता येते. सहअर्जदार म्हणून सही तुमची असणार आणि तारण फ्लॅटचं असेल, तर मुलाला पहिल्या वर्षी नोकरी मिळाली नाही असं धरून हप्त्याचा हिशेब मांडा, आणि मगच सही करा.