पाप पदरी घ्यावे की कबूल करावे?

चित्रपटांची मराठी उपशीर्षके लिहिणाऱ्या एका ताईंनी विचारले आहे: चर्चमधल्या कन्फेशनला, म्हणजे पुरोहितापुढे पापे सांगण्याला, 'कबुलीजबाब' म्हटले तर चालेल का? मराठी बायबलात त्यांनी 'पापे पदरी घेणे' असे वाचले, पण त्यांना ते उलटे वाटते. 'हे पाप मी पदरात घेणार नाही' असे आपण म्हणतो, म्हणजे पदरी घेणे हे पाप करणे झाले, सांगणे कसे होईल? जाता जाता 'माफी' बरोबर की 'क्षमा', हेही त्यांनी विचारले आहे.

कबुलीजबाब चालणार नाही. हा शब्द या जागी ऐकला की मला दरवेळी त्रास होतो, आणि तो हल्ली सारखा ऐकू येतो. कबुलीजबाब घेतात, नोंदवतात, त्याखाली सही घेतात आणि ज्याने तो दिला त्याच्याच विरुद्ध वापरतात. कॅथलिक पुरोहिताच्या कानी जे पडते त्याचे नेमके उलटे. चर्चच्या 1983च्या कायदेसंहितेतले 983वे कलम सांगते की पापनिवेदनाची गुप्तता कोणत्याही कारणाने मोडता येत नाही, शब्दाने नाही की खुणेनेही नाही. जे कधीच कुणाविरुद्ध वापरता येत नाही, त्याला चौकीतला शब्द कशासाठी लावायचा?

आता पदराकडे येऊ. माझा सगळा जीव तिथे आहे.

योहानाच्या पहिल्या पत्रात, पहिल्या अध्यायाच्या नवव्या ओवीत, मराठी बायबल म्हणते: 'जर आपण आपली पापे पदरी घेतली, तर तो विश्वासू व न्यायी आहे म्हणून आपल्या पापांची क्षमा करील.' ही मिशनऱ्यांची मोडकी मराठी आहे, असे ठासून सांगणारे जाणकार मला भेटले आहेत. सोप्या मराठीतल्या काही नव्या भाषांतरांनीही पदर काढून 'कबूल' घातले आहे. मला हे दोन्ही मान्य नाही. मराठी बायबलाच्या मागे मराठी माणसे पहिल्यापासून होती. सेरामपूरला 1811 साली मराठी नवा करार छापून झाला, तेव्हा मिशनरी विल्यम केरींच्या शेजारी वैजनाथ पंडित होते. पुढे संस्कृतात मुरलेल्या पंडिता रमाबाई हिब्रू आणि ग्रीक शिकून भाषांतराला बसल्या. परक्यांची मोडकी भाषा म्हणून हे सगळे झटकून टाकायचे असेल, तर आधी आपली मराठी तपासावी.

पदराच्या टोकाला गाठ असायची आणि गाठीत नाणी. म्हणून पदर म्हणजे स्वतःचे धन, स्वतःची मालकी. पदरचे पैसे घालणे, पदरमोड करणे, पदराला खार लागणे, सगळे तिथलेच. राजाच्या पदरी असलेला माणूस राजाचा. आता 'चूक पदरात घालणे' हा प्रयोग घ्या. एखाद्याची चूक त्याच्या पदरात घातली, म्हणजे ती त्याचीच आहे हे त्याला नाकारता येणार नाही असे दाखवले. दुसरा जे माझ्या पदरात घालू शकतो, ते मी आपणहून पदरी घेऊ शकत नाही का? भाषेत घालणे आहे तर घेणेही आहे. यात मोडके काय आहे?

ताईंच्या शंकेचे उत्तर काळात आहे. कृत्य अजून घडायचे असते तेव्हा 'हे पाप मी पदरात घेणार नाही' म्हणजे मी ते करणार नाही. घडून गेल्यावर ते माझेच असते, मग मी पदर पसरो वा आवळो. तेव्हा उरते ते फक्त हे माझे आहे असे म्हणणे. रोमी सुभेदार पिलाताने येशूला शिक्षा होऊ दिली आणि लोकांसमोर पाणी घेऊन हात धुतले. पाप केले, पण पदरी घेतले नाही. आणि क्रियापदही नीट ऐका. पाप पदरी पडते तेव्हा ते आपोआप येऊन पडते, माणूस नुसता उभा असतो. घेण्याला मात्र कर्ता लागतो.

कर्ता! सगळा घोळ याच्याचपाशी आहे. 'माझ्याकडून चूक झाली' असे आपण दिवसातून दहा वेळा म्हणतो. त्यात चूक होते आणि मी तिच्या वाटेवर असतो इतकेच. 'मी चूक केली' म्हणायला जीभ वळत नाही. बायबलातल्या निर्गमाच्या पुस्तकात लोकांना पुजायला सोन्याचे वासरू करून देणारा अहरोन आपल्या भावाला, मोशेला, सांगतो की लोकांनी सोने दिले, ते मी अग्नीत टाकले आणि त्यातून हे वासरू निघाले. निघाले! ओतून घडवलेले वासरू, आणि म्हणे आपले आपण बाहेर आले. शौल राजा 'मी पाप केले' म्हणतो खरा, पण लगेच पुस्ती जोडतो की लोकांना भ्यालो म्हणून केले. नाथान संदेष्ट्यापुढे उभा असलेला दावीद मात्र मूळ हिब्रूत दोनच शब्द बोलतो: 'हाताती लाअदोनाय', मी परमेश्वराविरुद्ध पाप केले. ज्या परस्त्रीपायी पाप केले त्या बथशेबेचे नाव घेत नाही की कारण देत नाही. कर्तरी प्रयोग शिकवताना हे उदाहरण वर्गात द्यावे असे मला मनापासून वाटते.

योहानाच्या ओवीत मूळ ग्रीक क्रियापद आहे 'होमोलोगेओ'. होमोस म्हणजे तोच, समान. आपला 'सम' आणि हा 'होमोस' एकाच घरातले. लेगो म्हणजे बोलणे. म्हणजे होमोलोगेओ हे तेच बोलणे, समोरचा म्हणतो तेच आपणही म्हणणे. माझ्या कृत्याला देव जे नाव देतो, तेच नाव मी देणे. तो चोरी म्हणतो तिथे मी 'गैरसमज' म्हणत नाही.

आणि इथे मला थांबवत नाही. संस्कृतात सम् आणि वद् मिळून होतो 'संवाद', आणि त्याचा जुना अर्थ नुसते बोलणे नव्हता. दोन गोष्टी जुळणे, एकमत होणे, हाही संवादच. मराठीत तो अर्थ झिजला, संवाद म्हणजे गप्पा झाल्या. पण 'विसंवाद' शब्दात जुना अर्थ अजून जिवंत आहे. सूर जुळत नाहीत तिथे आपण विसंवाद म्हणतो, कुणी बोलत नाही तिथे म्हणत नाही. माझे ठाम मत आहे की होमोलोगेओला सगळ्यात जवळचा भारतीय शब्द संवाद आहे: पापात माणसाचा देवाशी विसंवाद असतो आणि पाप पदरी घेताना सूर पुन्हा जुळतो. 'संवाद' भाषांतरात घालता येणार नाही, वाचकाला फोनवरचे बोलणे आठवेल, हे मला ठाऊक आहे. तरी ज्यांना फक्त कोशातला पहिला अर्थ दिसतो, त्यांनी दुसऱ्या-तिसऱ्या अर्थापर्यंत बोट न्यावे.

हिब्रू तर याहून पुढे जाते. 'तोदा' या शब्दाचा अर्थ पाप मान्य करणे, देवाचे आभार, आणि आभाराचे अर्पण. तिन्ही अर्थ एकाच शब्दात. लेवीयाच्या पुस्तकात तोदा म्हणजे भाकरींसह वाहिलेले अर्पण. यहोशवा लुटीतला माल चोरणाऱ्या आखानाला खरे सांगायला लावतो तेव्हा त्याच्या तोंडी हाच शब्द, देवाला तोदा दे. एकाच शब्दात पाप आणि स्तुती कशी, असे कुणाला वाटेल. मग आपले 'निवेदन' बघा. पापनिवेदन हा शब्द आहेच. विधीला नाव हवे असेल तर मी हाच सुचवीन, कारण 'पदरी घेणे'चे सुटसुटीत नाम होत नाही. निवेदन म्हणजे कळवणे आणि निवेदन म्हणजे अर्पण करणेही. नैवेद्य याच धातूतून आला, आणि नवविधा भक्तीतली शेवटची आत्मनिवेदन. देवापुढे जे ठेवायचे ते सांगणे आणि जे सांगायचे ते ठेवणे, हे आपल्या भाषेने हिब्रूला न विचारता स्वतःहून जोडले. ऑगस्टीन या ख्रिस्ती संताने इसवी सन 400च्या आसपास स्वतःच्या पापांविषयी जे पुस्तक लिहिले, त्याचे पहिलेच वाक्य देवाच्या थोरवीचे आहे. लॅटिन 'कन्फेसिओ'तही पाप आणि स्तुती दोन्ही होती. ज्यांना हा फक्त गुन्ह्याचा शब्द वाटतो, त्यांना पुढचे काही कळणार नाही.

या सगळ्याची किल्ली बायबलातल्या 32व्या स्तोत्रात आहे. मराठी बायबल म्हणते की ज्याच्या पापावर पांघरूण घातले आहे तो धन्य. आणि पाचव्या ओवीत दावीद म्हणतो की मी माझा दोष झाकला नाही. मूळ हिब्रूत पांघरण्याला आणि झाकण्याला धातू एकच आहे. मी घातले तर ते लपवणे, देवाने घातले तर ती क्षमा. मराठीत 'चुकांवर पांघरूण घालणे' हे आपण दोन्ही तऱ्हांनी वापरतो, आणि पांघरूण कुणाच्या हातात आहे एवढ्यावर अर्थ फिरतो. इतके अचूक भाषांतर मी क्वचित पाहिले आहे. 430 साली उत्तर आफ्रिकेतल्या हिप्पो शहराला वेढा पडलेला असताना मरणाच्या अंथरुणावरच्या ऑगस्टीनने दाविदाची पश्चात्तापाची स्तोत्रे भिंतीवर लावून घेतली होती आणि ती वाचत तो रडत असे, असे त्याचा चरित्रकार पोसिडियस सांगतो.

माफी की क्षमा हा प्रश्न राहिलाच. माफ अरबी आहे म्हणून टाकाऊ, असे म्हणणाऱ्यांचे मी ऐकत नाही. त्या अरबी धातूत पुसून जाण्याचा अर्थ आहे, वाऱ्याने वाळूतल्या खुणा पुसाव्यात तसा. प्रभूच्या प्रार्थनेत तर 'आमची ऋणे आम्हांस सोड' असे आहे, आणि ऋण आपण माफच करतो. पण जिथे क्षमा करणाऱ्याला काही सोसावे लागते, तिथे क्षमाच हवी. क्षम् म्हणजे सोसणे. सगळ्यांचे पाय सोसते म्हणून पृथ्वीचे एक नाव क्षमा. 32व्या स्तोत्रात क्षमेचे हिब्रू क्रियापद 'नसा' आहे, उचलणे, वाहून नेणे. यशयाच्या 53व्या अध्यायात सेवक पुष्कळांचे पाप वाहतो तिथेही तेच क्रियापद, आणि ख्रिस्ती माणूस तिथे क्रूस पाहतो. 'अपराध पोटात घालणे' म्हणतो तेव्हा मराठी माणूसही हेच म्हणत असतो, कारण जे पोटात घातले ते घालणाऱ्याला पचवावे लागते. कृपा करून याच्या जागी 'पाठीशी घालणे' लिहू नका. 'देव पाप्यांना पाठीशी घालतो' हे वाक्य मी प्रवचनातसुद्धा ऐकले आहे. पाठीशी घालणे म्हणजे गुन्हेगाराला वाचवणे. हिज्कीया राजा म्हणतो की देवाने माझी पापे पाठीमागे टाकली. देवाच्या पाठीमागे गेले ते पाप, पापी त्याच्या समोरच उभा राहिला.

32व्या स्तोत्राच्याच दहाव्या ओवीत, जो परमेश्वरावर भरवसा ठेवतो त्याला कृपा वेढून राहते. या हिब्रू भरवशाला नीतिसूत्रांच्या तिसऱ्या अध्यायात मराठीने 'भाव' म्हटले आहे: 'अगदी मनापासून परमेश्वरावर भाव ठेव.' हरिपाठातला भाव तो हाच, म्हणून हा शब्द कुणाला समजावून सांगावा लागत नाही. विश्वास शब्दात श्वास आहे, निर्धास्तपणे घेतलेला. हा भाव आधी नसेल तर पदर कुणी उघडणारच नाही. येशूच्या दाखल्यातल्या उधळ्या मुलाने बापाकडे परतताना वाटेत वाक्य तयार केले होते: मी पाप केले, तुमचा मुलगा म्हणवून घ्यायला मी योग्य नाही, मला मजुरासारखे ठेवा. पहिले दोन भाग तो बोलतो. मजुरीची गोष्ट तोंडातच राहते, कारण बापाने तोवर उत्तम झगा आणायला सांगितलेले असते.

ताई, तुमच्या प्रसंगात माणूस जाळीपाशी गुडघे टेकून बसला आहे ना? मग लिहा: 'फादर, माझी पापं पदरी घ्यायला आलोय.' आणि पुढच्या ओळीत तुम्ही 'माझ्या हातून खून झाला' असे लिहिले आहे. तिथे 'मी खून केला' करा.