रायबोसोमवरची प्रथिने टप्प्याने कशी सोडवावीत?

प्रश्न : लिथियम क्लोराइड या मिठाने जिवाणूंच्या रायबोसोमवरची (पेशीत प्रथिने बनवणारी, आरएनए आणि प्रथिनांची रचना) फक्त काही प्रथिने काढायची आहेत, पण सगळीच निघतात. असे का?

उत्तर : द्रावणात युरिया आहे का, ते आधी पाहा. 3 मोलर लिथियम क्लोराइड आणि 4 मोलर युरिया एकत्र आले की जवळपास सगळी प्रथिने सुटतात, आरएनए तळाशी बसतो. युरिया वगळा. बहुतेक प्रथिने धनभारित, आरएनए ऋणभारित, म्हणून ती एकमेकांना धरून असतात. मिठाचे आयन हे आकर्षण कमकुवत करतात. म्हणून लिथियम क्लोराइडची तीव्रता टप्प्याने वाढवा, सैल प्रथिने आधी सुटतील. मॅग्नेशियम 10 मिलिमोलर हवेच, नाहीतर उरलेला आरएनए-प्रथिनांचा गाभाच उलगडतो. एल7/एल12 ही रायबोसोमची प्रथिने मात्र आम्लधर्मी, म्हणजे ऋणभारित. ती काढायला अमोनियम क्लोराइड आणि 50 टक्के इथेनॉल, थंडगार.