लँकेस्टर विमानाच्या डागडुजीला पहिल्यांदा हात लावणाऱ्यासाठी

पहिल्याच दिवशी कोणी तुला इंजिनाजवळ फिरकू देणार नाही, त्याचं वाईट वाटून घेऊ नकोस. दुसऱ्या महायुद्धातली ही ७,३७७ बॉम्बफेकी विमानं बनली, त्यातली उडणारी आज दोनच उरली आहेत. सुटे भाग बाजारात मिळत नाहीत, म्हणून आहे तेच जपायचं.

तुझ्या वाट्याला आधी येतील रिव्हेट, म्हणजे पत्रे एकमेकांना जोडणारे धातूचे खिळे. इथे घाई केलीस की पत्रा गेलाच म्हणून समज. रिव्हेटच्या डोक्याच्या बरोबर मधोमध पंच या टोकदार अवजाराने खूण कर, दांड्यापेक्षा किंचित बारीक ड्रिल बिट लाव आणि फक्त डोक्याच्या जाडीइतकंच ड्रिल कर. मग डोकं हलकेच उडव, मागून पत्र्याला आधार दे आणि दांडा ठोकून बाहेर काढ. बिट तिरका गेला तर भोक लंबगोल होतं, जाड रिव्हेट घालावा लागतो. भोक कडेच्या फार जवळ सरकलं तर तेही जमत नाही.

रंग फुगलेला दिसला तर दुर्लक्ष करू नकोस. ॲल्युमिनियमला तांबडा गंज चढत नाही, पांढरी पूड सुटते. पोलादी बोल्ट टेकतो तिथे हमखास.

काढलेल्या प्रत्येक तुकड्याला लगेच चिठ्ठी बांध. ‘लक्षात राहील’ म्हणणारे बरेच भेटतील, त्यांचं ऐकू नकोस!

आणि हो, जुन्या चमकत्या डायलची काच उघडायची नाही. त्या रंगात रेडियम असतं. चमक गेली तरी किरणोत्सर्ग चालूच असतो. जुना प्राइमर, म्हणजे रंगाखालचा पहिला थर, घासतानाही मास्क लाव, त्यात विषारी क्रोमेट असू शकतं.