मुत्सद्दी राहिलेला न्यायाधीश निःपक्ष असतो का?

प्रश्न : मी कायद्याच्या चौथ्या वर्षाला आहे. आमचा संघ जेसप मूट कोर्ट (अभिरूप न्यायालय) स्पर्धेत उतरतोय. ज्यांच्या नावाने ती भरते ते फिलिप जेसप प्राध्यापक, अमेरिकेचे मुत्सद्दी आणि पुढे हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात न्यायाधीश होते. आपल्या देशाची बाजू लढवलेला माणूस निःपक्ष न्याय कसा देणार?

उत्तर : शंका रास्त आहे. आंतरराष्ट्रीय न्यायालयाचे नियमही ती गृहीत धरतात : ज्या प्रकरणात आधी वकील किंवा प्रतिनिधी म्हणून काम केलं असेल, त्यात न्यायाधीश म्हणून बसता येत नाही. पण जेसपांवर माझा विश्वास आहे तो त्यांच्या वाचण्याच्या सवयीमुळे.

सोव्हिएत संघाने केलेली पश्चिम बर्लिनची नाकेबंदी चालू होती. जानेवारी १९४९ च्या अखेरीस एका अमेरिकी पत्रकाराला दिलेल्या उत्तरांत स्टालिनने बर्लिनच्या चलनाचा विषयच काढला नाही. एरवी सोव्हिएत पक्ष त्यावरच अडून बसलेला. वॉशिंग्टनने हे हेरलं आणि खुलासा काढायचं काम जेसपांवर सोपवलं. १५ फेब्रुवारीला न्यूयॉर्कजवळच्या लेक सक्सेसला, संयुक्त राष्ट्रांच्या प्रतिनिधी-कक्षात, त्यांनी सोव्हिएत प्रतिनिधी याकोव्ह मलिकना बोलता बोलता विचारलं : हा उल्लेख चुकून राहिला का? मलिकना ठाऊक नव्हतं. महिन्याभराने त्यांनी कळवलं, चुकून नाही. १२ मे रोजी नाकेबंदी उठली. कागदावर काय नाही, हे विचारायला कोलंबिया विद्यापीठात कायदा शिकवलेला माणूसच हवा होता, असं मला ठामपणे वाटतं.

एवढं करूनही १९५० मध्ये अमेरिकी सिनेटर मॅकार्थींनी त्यांच्यावर कम्युनिस्टधार्जिणेपणाचा आरोप केला. तो अन्यायच होता.

१९६१ ते १९७० ते हेगला होते. इथिओपिया आणि लायबेरियाने दक्षिण आफ्रिकेच्या ताब्यातल्या नैऋत्य आफ्रिकेतल्या (आजचा नामिबिया) वर्णभेदाविरुद्ध दाद मागितली होती. १९६२ मध्ये न्यायालयाने खटला चालवायचं ठरवलं. १९६६ मध्ये मात्र सात विरुद्ध सात मतं पडली आणि अध्यक्षांच्या निर्णायक मताने, या दोन देशांना दाद मागायचा हक्कच नाही, असा निकाल लागला. जेसपांनी आपल्या भिन्नमतात हा निकाल कायद्याच्या दृष्टीने पूर्णपणे निराधार असल्याचं स्पष्ट लिहिलं. पुढे १९७१ मध्ये याच न्यायालयाने दक्षिण आफ्रिकेचा तिथला ताबा बेकायदा ठरवला; तोवर जेसप निवृत्त झाले होते.

मेमोरियल (स्पर्धेतला लेखी युक्तिवाद) लिहायला घेण्याआधी त्यांचं याच खटल्यातलं १९६२ चं स्वतंत्र मत वाचा. स्वतःचं नुकसान झालेलं नसतानाही एखादा देश दाद मागू शकतो, हे त्यांनी अल्पसंख्याकांचे करार आणि आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेचे नियम उलगडून दाखवलंय. बेंचकडून (स्पर्धेतल्या न्यायाधीशांकडून) तुम्हाला यावर प्रश्न येण्याची शक्यता बरीच आहे.