डीएनएत नसलेली अक्षरं आरएनएमध्ये येतात कुठून?

तुम्ही विचारलंय की ट्रिपॅनोसोमा या एकपेशीय परजीवीच्या मायटोकॉन्ड्रियात (पेशीच्या ऊर्जाकेंद्रात) आरएनएमध्ये डीएनएत नसलेली अक्षरं घुसवली जातात, मग ती माहिती येते कुठून, आणि एवढा उपद्व्याप कशासाठी? मी पशुवैद्यक आहे, ट्रिपॅनोसोमामुळे होणारा सर्रा हा रोग झालेल्या जनावरांच्या रक्ताच्या स्लाईड बघण्यात बरीच वर्षं गेली, त्यामुळे हा प्रश्न माझ्या अगदी जवळचा आहे.

गिम्सा हा रंग लावून स्लाईड बघितली की न्यूक्लियसपासून लांब, जिथून फ्लॅजेलम (परजीवीची शेपटी) निघतं तिथे एक बारीक गडद ठिपका दिसतो. तो कायनेटोप्लास्ट, म्हणजे मायटोकॉन्ड्रियाचा डीएनए. साखळीच्या चिलखतासारखी एकमेकांत अडकलेली हजारो कडी असतात ती. त्यातली मोठी कडी, मॅक्सिसर्कल, थोडीच असतात आणि खरे जीन त्यांच्यावर. बाकीची हजारो छोटी, मिनिसर्कल, ती कशाला आहेत हे खूप वर्षं कुणालाच कळत नव्हतं.

१९८६ साली ॲमस्टरडॅमच्या रॉब बेन आणि सहकाऱ्यांना दिसलं की मायटोकॉन्ड्रियातल्या कॉक्स-२ या जीनच्या आरएनएमध्ये ४ यू (आरएनएच्या चार अक्षरांपैकी एक) जास्तीचे आहेत जे जीनमध्ये नाहीतच, आणि ते नसते तर तीन-तीन अक्षरांचं वाचन सरकून प्रोटीन बिघडलं असतं. मराठीत सांगायचं तर जीनमध्ये "रज अल" लिहिलंय आणि आरएनएमध्ये चार काने लागून "राजा आला" झालंय! दोन वर्षांनी ट्रिपॅनोसोमा ब्रुसीच्या कॉक्स-३ मध्ये तर ५४७ यू घातलेले आणि ४१ काढलेले निघाले, म्हणजे तयार आरएनएचा अर्ध्याहून जास्त भाग जीनमध्ये नाहीच.

मग काने लावायचे कुठे हे कोण सांगतं? १९९० मध्ये लॅरी सिम्पसन यांच्या लॅबने ट्रिपॅनोसोमाच्या नात्यातल्या लेश्मानिया या परजीवीत गाईड आरएनए, म्हणजे ही जागा दाखवणारे छोटे आरएनए, शोधले आणि पुढे कळलं की ती छोटी कडी मुख्यतः हेच गाईड बनवतात. म्हणजे माहिती डीएनएतच असते, फक्त मूळ जीनजवळ नसते, चिठ्ठ्या-चिठ्ठ्यांवर विखुरलेली असते. गाईड जीनच्या आरएनएला चिकटतो, जिथे जुळत नाही तिथे एक एन्झाइम आरएनए कापतं, दुसरं यू घालतं किंवा वेगळंच एक जादा यू काढतं, आणखी एक टोकं परत जोडतं, आणि हे काम आरएनएच्या ३' (शेवटच्या) टोकाकडून ५' (सुरुवातीच्या) टोकाकडे सरकत जातं, एका गाईडचं काम झालं की पुढच्याला चिकटायला जागा तयार होते.

सगळीकडे हीच पद्धत असेल असं मात्र समजू नका. फायसॅरम या स्लाईम मोल्डच्या (बुरशीसारख्या दिसणाऱ्या जीवाच्या) मायटोकॉन्ड्रियात बहुतेक सी हे अक्षर घातलं जातं आणि तेही आरएनए बनत असतानाच.

कशासाठी, यावर माझं मत असं की फायदा म्हणून हे सुरू झालंच नसावं, आधी यंत्रणा आली, मग जीनमधली अक्षरं गळत गेली तरी चाललं आणि मग तिच्याशिवाय भागेना. सर्राचा ट्रिपॅनोसोमा इव्हान्सी बघा, तो त्सेत्से माशीत वाढत नाही, चावणाऱ्या माश्या त्याला नुसत्या एका जनावरातून दुसऱ्यात नेतात, रक्तात ग्लुकोज भरपूर, त्यामुळे मायटोकॉन्ड्रियाच्या ऊर्जेवाचून भागतं, आणि त्याने मॅक्सिसर्कल गमावलीत. एडिट करायला मजकूरच उरला नाही! न्यूक्लियसच्या जीनमधल्या एका बदलामुळे तो त्याशिवाय जगू शकतो.

हाच इव्हान्सी २००४ मध्ये चंद्रपूर जिल्ह्यातल्या एका शेतकऱ्याच्या रक्तात सापडला होता. माणसाला तो सहसा होत नाही, कारण आपल्या रक्तातलं एपीओएल-१ हे प्रोटीन त्याला मारतं. या शेतकऱ्याच्या त्या जीनच्या दोन्ही प्रतींमध्ये वाचन सरकवणारा बदल होता, कॉक्स-२ मध्ये असतो तसाच, पण आपल्याकडे तो दुरुस्त करणारे गाईड नाहीत. सुरामिन हे औषध देऊन तो शेतकरी बरा झाला.